डायनॅमो बदलण्याआधी

प्रश्न : वडिलांची अँबॅसिडर मार्क २ आहे. नवी बॅटरीही दोन दिवसांत उतरते. चार्जिंगचा लाल दिवा गाडी पळतानाही विझत नाही. डायनॅमो बदलू का?

उत्तर : एवढ्यात नको. अस्सल लुकास डायनॅमो सहज टाकून देण्याची वस्तू नव्हे. आधी फॅनबेल्ट अंगठ्याने दाबा. अर्ध्या इंचाहून जास्त दबला तर ताणून घ्या. मग डायनॅमोवरच्या डी आणि एफ या दोन्ही वायरी काढा, डायनॅमोवरची ती दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडा आणि तिथून बॉडीपर्यंत मीटर लावा. रेस अगदी हळू वाढवा. काटा वीस व्होल्टकडे सरकला की थांबा, पुढे रेस देऊ नका. इतके आले तर डायनॅमो ठणठणीत. दोष कटआउटच्या डबीत किंवा वायरिंगमध्ये. काटा हललाच नाही तर मागची पट्टी सरकवून कार्बन ब्रश पाहा. बहुधा ते झिजलेले किंवा अडकलेले असतात. काळा पडलेला कम्युटेटर बारीक काचपेपरने पुसा, एमरीने कधीच नाही. नवी बॅटरी बसवताना टोके उलटी तर लागली नाहीत ना, हेही तपासा. आयडलिंगला दिवा मंद लुकलुकला तर घाबरू नका, डायनॅमोचा तो स्वभावच आहे.