मोटारीचा रंग कोण झिजवतो?

आज रात्री जेवण झाल्यावर आपले ताट धुऊन, पुसून हातात घ्या. ताट स्टेनलेस स्टीलचे आणि दोन-चार वर्षे वापरातले हवे. खोलीत एकच दिवा चालू ठेवा आणि त्याचे प्रतिबिंब ताटात दिसेल अशा बेताने ते धरा. प्रतिबिंबाभोवती बारीक चमकत्या रेषांची वर्तुळे दिसतील, जणू कोळ्याने जाळे विणले आहे. आता ताट जरा सरकवा. दिव्याचे प्रतिबिंब ताटाच्या दुसऱ्या भागात जाईल, आणि वर्तुळेही त्याच्यामागोमाग तिकडे जातील!

ताटावर खरोखरच वर्तुळे कोरलेली असती, तर ती जागच्या जागी राहायला हवी होती. मग ही चालती वर्तुळे आली कुठून? मला हा प्रश्न पडला तो मात्र ताट पाहून नव्हे, मोटार पाहून.

मी सातारला पदार्थविज्ञान शिकवतो. बरीच वर्षे पैसे साठवून आम्ही एक काळी मोटार घेतली. रोज सकाळी कॉलेजला निघण्यापूर्वी मी तिच्यावरची धूळ मऊ, कोरड्या फडक्याने पुसत असे. गाडी आरशासारखी लखलखे आणि मला धन्य वाटे. तीन महिन्यांनी एका रात्री गाडी रस्त्यावरच्या दिव्याखाली उभी होती. मुलगी म्हणाली, "बाबा, बॉनेटवर कोळ्याचं जाळं आहे." मी हात फिरवून पाहिला. जाळे नव्हते. ताटात दिसतात तशीच वर्तुळे होती, आणि ती माझ्याबरोबर सरकत होती. गाडीला माझ्याखेरीज कोणी हात लावत नसे, त्यामुळे गुन्हेगार शोधायला लांब जावे लागले नाही.

आधी वर्तुळांचे कोडे सोडवू. घासलेल्या पृष्ठभागावर हजारो सूक्ष्म ओरखडे असतात आणि ते सर्व दिशांना पसरलेले असतात. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक अरुंद चर. त्यावर पडलेला प्रकाश चराच्या लांबीला काटकोनात असलेल्या दिशांना फेकला जातो. आता दिव्याच्या प्रतिबिंबापासून बाहेर जाणारी एक रेषा कल्पा. या रेषेवर जे ओरखडे तिला काटकोनात असतील, तेच प्रकाश तुमच्या डोळ्यांकडे वळवतात. बाकीचे तो भलतीकडे पाठवतात, म्हणून ते दिसत नाहीत. अशा रेषा प्रतिबिंबापासून सर्व बाजूंना काढा आणि प्रत्येकीवर आडव्या पडलेल्या बारीक रेघा काढा. कागदावर काय तयार झाले? वर्तुळेच! तुम्ही जागा बदलली की निराळे ओरखडे त्या अटीत बसतात आणि वर्तुळे सरकतात. तेव्हा "गोल फिरवून पुसले म्हणून गोल ओरखडे पडले" ही समजूत बरोबर नाही. सगळ्या दिशांना फडके फिरवले, एवढाच त्याचा अर्थ. पांढऱ्या गाडीवरही ओरखडे तितकेच पडतात. पण पांढरा रंग स्वतःच इतका प्रकाश विखुरतो की त्यात त्यांची चमक बुडून जाते.

हे ओरखडे किती खोल असतात, त्यापेक्षा ते किती खोल जाणे आपल्याला परवडते हा प्रश्न महत्त्वाचा आहे. माझ्या वडिलांकडे 'प्रिया' स्कूटर होती, सातारच्याच महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात तयार झालेली. तिला पॉलिश केले की फडक्याला स्कूटरचा रंग लागे. त्या काळच्या एनॅमलमध्ये रंगद्रव्य अगदी वरपर्यंत असे. आजच्या मोटारीची रचना वेगळी आहे. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया करतात. मग सगळा सांगाडा द्रावणात बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात. त्यावर अस्तर, त्यावर खरा रंग आणि सर्वांत वर रंगहीन, पारदर्शक असे बहुवारिकाचे आवरण. हे सर्व थर मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सर्वांत वरचे पारदर्शक आवरण ४० ते ५० मायक्रॉन असते, म्हणजे तुमच्या डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. गाडीची सगळी चमक या आवरणाची, आणि जंबुपार म्हणजेच अतिनील किरण शोषून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्येही यातच मिसळलेली असतात. गॅरेजमध्ये यंत्राने घासून ओरखडे घालवतात तेव्हा ते भरून निघत नाहीत, ओरखड्याच्या तळापर्यंतचे आवरणच घासून काढलेले असते. दर खेपेला काही मायक्रॉन जातात. झाडाची साल पुन्हा वाढते, हे आवरण वाढत नाही.

आता माझ्या मऊ फडक्याने ओरखडे कसे काढले? सुती धागा रंगाहून मऊ असतो, तो एकटा फारसे काही करू शकत नाही. काम केले ते धुळीने. फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांची काठिण्यश्रेणी मांडली. तिच्यात सर्वांत मऊ शंखजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १० हा अंक आहे. या श्रेणीत काच साडेपाचच्या आसपास येते. आपल्या सातारा-सांगलीचा खडक म्हणजे काळा बसाल्ट. त्यातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे ६ च्या जवळपास आहेत. खंबाटकी घाटात ट्रकच्या चाकांमागे उडते ती धूळ म्हणजे याच खडकाचा चुरा. काचेलाही ओरखडा काढू शकणारे हे कण, मग बिचाऱ्या बहुवारिकाची काय कथा! फडके त्यांना दाबून धरते आणि रंगावरून ओढत नेते. मऊ कापडावर कठीण कण बसवले की त्याला आपण पॉलिशपेपरच म्हणणार ना?

सांगलीकडे आणखी एक पाहुणा येतो. ऊसतोडणीच्या दिवसांत फडातला पाला पेटवतात आणि काळी राख उडत येऊन अंगणात, वाळत घातलेल्या धोतरावर, गाडीवर बसते. उसाच्या पानांत सिलिका भरपूर असते, म्हणून तर पात हाताला कापते. पाला जळाला तरी सिलिका राखेत शिल्लक उरते. आपल्या आज्या पितळेची भांडी चुलीतल्या राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासत. भांडी लख्ख का होत, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. तीच राख आपण मोटारीवर कोरड्या फडक्याने फिरवतो. शिवाय राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. दव पडून ती भिजली की अल्कधर्मी द्रावण बनते. तेव्हा राख पाण्याच्या धारेने वाहून घालवावी, आणि ते लवकर करावे.

साधी धूळ मात्र नुसती बसून राहिली तर रंगाचे काही बिघडवत नाही. ती हलवताना नुकसान होते. माण, खटाव, आटपाडी, जत असे पर्जन्यछायेतले तालुके घ्या. जिथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तिथे रोज गाडी धुणे मला तरी शोभत नाही. आणि धुता येत नाही म्हणून पुसायची, हे तर त्याहून वाईट. काचा आणि दिवे तेवढे ओल्या कापडाने स्वच्छ करा, ते सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. बाकी गाडी आठवडाभर मळकी दिसली तर दिसू द्या. शेजारी काय म्हणतील, याचा विचार मीही तीन महिने करत होतो.

काही जण फडक्याला थोडे रॉकेल किंवा खोबरेल लावतात आणि म्हणतात, "पाहा, ओरखडे गेले!" खरेच दिसेनासे होतात. ओले अंगण किंवा भिजलेली गाडी नवी का वाटते? ओरखड्यात हवा असते तेव्हा हवा आणि रंगाचे आवरण यांच्या अपवर्तनांकांत मोठा फरक असल्याने प्रकाश वळतो. तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४५ आणि आवरणाचा १.५ च्या आसपास. चर तेलाने भरला की प्रकाशाला तिथे खड्डा आहे हे जवळजवळ कळतच नाही. दुधी काचेच्या खरखरीत बाजूवर पाणी लावा, ती बरीच पारदर्शक होते, त्याचे कारण हेच. पण तेलाला धूळ चिकटते, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा फडके घेता.

पाण्याविषयी एक समज फार पसरला आहे. उन्हात गाडीवर थेंब राहिले तर ते भिंगासारखे काम करून रंग जाळतात म्हणे. गणित करून पाहा. अर्धगोल थेंबाची त्रिज्या 'र' धरली, तर पाण्याचा अपवर्तनांक ४/३ असल्यामुळे त्याच्या वक्र पृष्ठाने वळवलेले किरण माथ्यापासून ४र अंतरावर एकत्र यायला हवेत. पण रंग तर माथ्यापासून फक्त र अंतरावर आहे. किरण एकवटण्याच्या कितीतरी आधीच वाटेत पत्रा येतो. मग डाग कसले? ते क्षारांचे. समजा, कूपनलिकेच्या एका लिटर पाण्यात ८०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि धुतल्यावर गाडीवर पाव लिटर पाणी राहिले. पाणी उडून जाईल, २०० मिलिग्रॅम क्षार गाडीवर राहतील. तेही सगळीकडे सारखे पसरत नाहीत, प्रत्येक थेंबाच्या कडेला कंगोरा करून बसतात. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी सांगलीच्या मुलांना सांगायला नकोत. तिथल्या विहिरीचे पाणी स्टीलच्या वाटीत आटवा, दुसऱ्या वाटीत पावसाचे पाणी तेवढेच आटवा आणि तळ पाहा. म्हणून गाडी उन्हात धुऊ नये. सकाळी, पत्रा थंड असताना, सावलीत धुवावी आणि पाणी वाळण्यापूर्वी टिपून घ्यावे. पावसाचे साठवलेले पाणी शेवटच्या धुण्याला मिळाले तर फारच उत्तम.

धुण्याची माझी रीत आता अशी आहे. प्रथम नुसते पाणी, टपापासून खाली, हात न लावता. सुटे कण तेवढ्यानेच निघून जातात. मग दोन बादल्या, एकीत गाडी धुण्याचे सौम्य साबणपाणी आणि दुसरीत साधे पाणी. कपडे धुण्याची पावडर घेऊ नये. ती अल्कधर्मी असते आणि रंगावरचे मेणही काढून टाकते. मायक्रोफायबरचे जाड कापड साबणपाण्यात बुडवून एक भाग धुवायचा. मग ते साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून घ्यायचे, आणि त्यानंतरच पुन्हा साबणपाण्यात. वाळूचा कण पाण्याहून अडीचपटींपेक्षा जड, तो तळाशी बसतो. कापड तळापर्यंत न्यायचे नाही, एवढे सांभाळले की झाले. साबणपाणी वंगणाचे काम करते आणि मायक्रोफायबरच्या केसाळ तंतूंमधल्या पोकळीत कण शिरून बसतात, रंगावर दाबले जात नाहीत. कापड जमिनीवर पडले तर त्या दिवसापुरते ते बाद. टिपतानाही घासायचे नाही, कापड पसरून ठेवायचे आणि उचलायचे.

या रीतीची खरी परीक्षा मी सांगलीत पाहिली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर सांगलीत शिरला. ताईच्या गल्लीत पाणी ओसरल्यावर उभ्या गाड्यांवर गाळाचा करडा लेप होता. कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला, वाई-कराडवरून सांगलीत येते. म्हणजे आमच्या सातारच्या डोंगराचेच पीठ तिथल्या गाड्यांवर बसले होते. माणसांची घरे वाहत होती, तेव्हा गाडीच्या रंगाचा विचार कुणाला सुचणार? पण आठ दिवसांनी एका शेजाऱ्याने वाळलेला गाळ गोणपाटाने खरवडला आणि रंग धुरकट झाला. समोरच्या घरातल्यांनी ओली पोती गाडीवर तासभर पसरून ठेवली, मग धार सोडली. गाळ फुगून सुटा झाला आणि निघून गेला. पक्ष्यांच्या विष्ठेलाही हाच उपाय आहे. तिच्यात युरिक आम्ल असते, आणि काळा पत्रा वैशाखात ६०-७० अंशांपर्यंत तापल्याने मऊ झालेल्या आवरणावर ते खोल डाग पाडते. ओले फडके दहा मिनिटे ठेवून मग उचलावे. वडा-चिंचेखालची सावली अशी महाग पडू शकते. पूजेचा कुंकवाचा स्वस्तिकही असाच भिजवून काढावा. हळदीचा पिवळा डाग राहिलाच तर घाबरू नका, हळदीतले रंगद्रव्य उन्हात आपोआप फिके होते.

मेण लावावे का? जरूर. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण ८० अंशांच्या वर वितळते, म्हणून ते उन्हातही टिकते. मेणावर पाणी पसरत नाही, गोळा होऊन ओघळते आणि घाणीची पकड सैल होते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावे लागते. कारखान्यातला रंग भट्टीत भाजून पक्का झालेला असतो, त्यामुळे नव्या गाडीलाही ते लगेच चालते. गॅरेजमध्ये नुकत्याच रंगवलेल्या भागाला मात्र काही आठवडे थांबावे. सिरॅमिक लेपासाठी दुकानदार हजारो रुपये सांगतात. तो मेणापेक्षा जास्त टिकतो हे खरे, पण जाडीला एखाद्या मायक्रॉनच्या घरातला असतो. कोरडे फडके फिरवणाऱ्याला तो वाचवू शकत नाही.

आमच्या गाडीवरची ती वर्तुळे मी घासून काढलेली नाहीत. मुलगी आता दर रविवारी बादलीच्या तळाचा गाळ वाळवते आणि कागदावर पसरते. कागदाखालून चुंबक फिरवला की त्यातले काही काळे कण उभे राहून चालू लागतात. ते बहुतेक बसाल्टमधल्या मॅग्नेटाइटचे, काही ब्रेकच्या झिजेतून आलेल्या लोखंडाचे. उरलेली चिमूटभर धूळ ती जुन्या, टाकाऊ सीडीवर कोरड्या फडक्याने एकदाच फिरवते आणि दिव्याखाली धरते. तुम्हीही करून पाहा. सीडी मात्र खरोखर टाकाऊ असल्याची खात्री घरात विचारून करा.