बॅटचे रबर कसे पारखावे?

आमच्या शाळेत टेबल टेनिसचे टेबल नाही. व्हरांड्यात दोन लांब टेबले जोडायची, मध्ये विटांवर फळी ठेवायची, की झाले. बॅटी दोनच. त्यातली माझी भोरच्या आत्येभावाने दिलेली, जुनी. पावसाळ्यात मी सारखा हरू लागलो. घरी म्हणालो, "तात्या, बॅटचं रबर गेलंय, नवीन पाहिजे." तात्या म्हणाले, "रबर गेलंय का तू गेलायस, ते आधी दाखव. मग पैशाचं बघू."

म्हणून मी तपासणी केली. ती तुम्हांलाही करता येईल.

बॅटची एक बाजू काळी असते, दुसरी बहुधा लाल. रबराखाली स्पंज असतो. वेग मुख्यतः स्पंजामुळे मिळतो, फिरकी वरच्या रबरामुळे. स्पंज, रबर व डिंक मिळून ४ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. त्याची गोष्ट आपल्या मुंबईतली आहे. १९५२ साली तिथे जागतिक स्पर्धा झाली. जपानचा हिरोजी सातो नुसत्या जाड स्पंजाची बॅट घेऊन आला. इतरांच्या बॅटींचा टॉक्‌ टॉक्‌ आवाज व्हायचा, याच्या बॅटचा आवाजच येईना! चेंडू किती जोरात येतोय ते समोरच्यांना कळेना. सातो जगज्जेता झाला. पुढे १९५९ साली जाडीला मर्यादा घातली.

पहिली परीक्षा उसळीची. बॅट फरशीवर घट्ट दाबून धरायची. हातात धरली तर हात हलतो व उसळी कमी येते. शेजारी फुटपट्टी उभी करून ३० सेंटिमीटरवरून चेंडू नुसता सोडायचा, फेकायचा नाही. प्रत्येक बाजूवर पाच वेळा. दोन्ही बॅटींची उसळी जवळजवळ सारखीच आली. मी हिरमुसलो.

पण खरी परीक्षा फिरकीची. मित्राने चेंडू खालून कापून मारायचा, आपण बॅट उभी, स्थिर धरायची. रबर चांगले असेल तर ते चेंडूला पकडते आणि चेंडू खाली जाऊन फळीवर आपटतो. माझ्या बॅटवरून तो सरळ पलीकडे गेला! म्हणजे रबर घसरत होते. गंमत अशी, की असल्या रबराने सर्व्हिस परतवणे सोपेच जाते. पण आपल्याला फिरकी देता येत नाही. माझे जोरदार फटके टेबलाबाहेर का जात होते, ते तेव्हा समजले.

आता वेल्ह्याचा पाऊस तुम्हांला माहीतच आहे. वह्यासुद्धा दमट होतात. रबरावर ओल आणि धूळ बसली होती. ओल्या स्वच्छ फडक्याने पुसून बॅट सावलीत वाळवली. उन्हात ठेवू नये, रबर कडक होते. मग तीच परीक्षा पुन्हा घेतली. काळी बाजू चेंडू पकडू लागली. लाल बाजू सुधारली नाही. अंगठा ओढला की कडेला अडतो, मध्ये सटकतो. ती झिजलीच आहे.

तात्यांनीही अंगठा ओढून पाहिला. म्हणाले, "एका बाजूचे देतो. काळी चांगली आहे."

सध्या मी काळ्या बाजूनेच खेळतो. फटके आत पडतात, पण सर्व्हिस घेताना चेंडू फळीवर जातो. बॅट जरा वर उघडी धरायची सवय करतो आहे.

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी