बेरोजगार तरुण, हातातील मोबाइल आणि कारागिराचा माल

आपल्या वस्त्यांत आज एक चित्र सर्रास दिसते. घराच्या पुढच्या भागात कारागीर माल तयार करीत बसलेला असतो. त्याला गिऱ्हाईक शोधायला वेळ नसतो. त्याच घराच्या ओट्यावर शिकलेला, पण कामधंदा नसलेला तरुण हातात मोबाइल घेऊन बसलेला असतो. त्याच्याजवळ वेळ भरपूर, पण विकायला काहीच नाही. एकाकडे माल आहे, दुसऱ्याकडे साधन आहे, आणि दोघेही अडचणीत आहेत. या दोघांची सांगड कशी घालावी, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मोबाइल पैसे देत नाही. मोबाइलच्या मदतीने आपण दुसऱ्याची जी गरज भागवितो, तिचे पैसे मिळतात. हा फरक न कळल्यामुळे अनेक तरुण ‘घरबसल्या कमाई’च्या जाहिरातींना बळी पडतात. म्हणून आधी तीन ठिकाणचे अनुभव पाहू.

पहिला धडा : बांगला देश

१९९७ साली बांगला देशात ग्रामीणफोन कंपनीची सेवा सुरू झाली. खेड्यात टेलिफोन जवळजवळ नव्हताच. ग्रामीण बँकेच्या सभासद असलेल्या गरीब स्त्रियांनी बँकेकडून कर्ज काढून एकेक मोबाइल घेतला आणि गावकऱ्यांना मिनिटाच्या हिशेबाने फोन करू देऊ लागल्या. कोणी आखाती देशात गेलेल्या मुलाशी बोले, कोणी शहरातील बाजारभाव विचारी. अशा ‘फोनवाल्या’ बायकांची संख्या पुढे दोन लाखांवर गेली.

मात्र फोन स्वस्त झाले, घरोघरी पोचले, आणि या धंद्याची कमाई घसरली. कारण उघड आहे. जी वस्तू प्रत्येकाच्या खिशात आली, ती भाड्याने कोण घेणार? आज मोबाइल वापरता येणे हे कौशल्य राहिलेले नाही, ते सर्वांनाच येते. जे इतरांना येत नाही किंवा करायला वेळ नाही, त्याचेच दाम मिळते.

दुसरा धडा : केरळचा किनारा

१९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या कासरगोड, कण्णूर आणि कोळिकोड जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर मोबाइल सेवा आली. त्याआधी मच्छीमार आपापल्या ठरलेल्या बंदरातच मासळी उतरवीत. एका बंदरात माल जास्त झाला की तो फेकून द्यावा लागे, आणि पंधरा किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या बाजारात गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाई. मोबाइल आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच भाव विचारून नाव कोठे न्यायची ते ठरवू लागले.

रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने याचा बारकाईने अभ्यास करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. माल फेकून देणे जवळजवळ थांबले, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. व्यापाऱ्याने हे आकडे नीट वाचावेत. विकणारा आणि घेणारा, दोघांचाही फायदा झाला, कारण बाजाराची माहिती वेळेवर मिळाली.

तिसरा धडा : केनिया

केनियात मार्च २००७ मध्ये सफारीकॉम कंपनीने एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सेवा सुरू केली. गल्लीतले छोटे दुकानदार तिचे एजंट झाले. लोक त्यांच्याकडे रोख रक्कम भरीत किंवा काढीत आणि एजंटला प्रत्येक व्यवहारामागे कमिशन मिळे. गल्ल्यात पुरेशी रोकड नसेल किंवा हिशेब चोख नसेल, तर गिऱ्हाईक शेजारच्या एजंटकडे जाणार हे उघड होते. म्हणजे यंत्र नवे असले, तरी धंदा जुन्याच भांडवलावर चालला. ते भांडवल म्हणजे विश्वास.

आपल्याकडे काय करता येईल?

या तीन धड्यांवरून मार्ग सापडतो. तरुणाने कारागिराचा ‘मोबाइल मुनीम’ व्हावे. त्याची कामे अशी :

१. माल दाखविणे. दिवसाच्या उजेडात, साध्या कापडावर वस्तू ठेवून फोटो काढावेत. एक फोटो समोरून, एक मागून, एक शिलाई किंवा विणीचा जवळून. लांबी-रुंदी, कापड, रंग आणि किंमत स्पष्ट लिहावी. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप फुकट मिळते. त्यात मालाची यादी किमतीसह लावता येते. फोटोत रंग उजळ करून दाखविणे ही फसवणूक आहे, आणि माल परत येण्याचे ते मोठे कारणही आहे.

२. मालाचा स्वभाव ओळखणे. प्रत्येक माल फोटोवर विकला जात नाही. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण वाद्य घेणाऱ्याला फोटो पुरत नाही, त्याला नाद ऐकायचा असतो. तेथे जुळविलेल्या तारांची चित्रफीत पाठवावी लागते. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू कापडाचे तसे नाही, त्याची वीण जवळून दाखविली पाहिजे. भिवंडीचे कोरे कापड किरकोळ गिऱ्हाइकाला विकता येणार नाही. तेथे तरुणाचा उपयोग सुताचे भाव, सुटे भाग आणि घाऊक खरेदीदार यांची माहिती रोज मिळविण्यासाठी होईल.

३. ऑर्डर, पार्सल व चौकशी. प्रत्येक ऑर्डर वहीत लिहावी. पार्सलचे वजन आधी करून टपालखर्च सांगावा. पार्सल पाठविल्याचा क्रमांक गिऱ्हाइकाला त्याच दिवशी कळवावा.

४. पैसे घेणे. यूपीआयने आलेले पैसे आपल्या खात्यात जमा झाले की नाही, हे स्वतः पाहावे. गिऱ्हाइकाने पाठविलेल्या पावतीच्या फोटोवर भरवसा ठेवू नये. पैसे मिळण्यासाठी पिन कधीही द्यावा लागत नाही. जो मागतो तो ठग समजावा.

हिशेब मांडून पाहू

पुढील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. एका कापडी पिशवीला साहित्य २६० रुपये आणि मजुरी १४० रुपये लागते असे समजा. घाऊक व्यापारी ती ४४० रुपयांना घेतो. कारागिराला मजुरी सोडून ४० रुपये सुटतात, आणि तेही दोन महिन्यांच्या उधारीवर.

तीच पिशवी थेट गिऱ्हाइकाला ६०० रुपयांना विकली. पॅकिंग २०, टपाल ६० आणि परत येणाऱ्या मालाची तरतूद २० रुपये. एकूण खर्च ५०० झाला, उरले १००. किमतीच्या ८ टक्के, म्हणजे ४८ रुपये तरुणाला दिले, तर कारागिराला ५२ रुपये उरतात. घाऊकपेक्षा केवळ १२ रुपये जास्त! पण पैसे रोख आणि आगाऊ मिळाले. ज्याचे भांडवल उधारीत अडकते, त्यालाच याचे मोल कळेल.

आता तरुणाचा हिशेब. एका कारागिराच्या महिन्याला २० ऑर्डरी आल्या, तर त्याला ९६० रुपये मिळतील. एवढ्यात कोणाचेही भागणार नाही. पण त्याने पाच कारागिरांचे काम धरले आणि प्रत्येकाच्या २० ऑर्डरी आणल्या, तर ४,८०० रुपये होतात. ही सुरुवात आहे, पूर्ण पगार नव्हे. त्यामुळे पहिल्या महिन्यात मोठ्या कमाईचे स्वप्न कोणी दाखवू नये. घरातून काम करू इच्छिणाऱ्या भगिनींनाही हे काम जमण्यासारखे आहे. बांगला देशात या कामात पुढे होत्या त्या स्त्रियाच.

करार आधी, काम नंतर

आपल्याकडे ओळखीत लिहून घेणे वाईट दिसते असे मानतात. भांडणे होतात ती त्यामुळेच. एका साध्या कागदावर पुढील गोष्टी लिहून दोघांनी सह्या कराव्यात :

– तरुणाचा वाटा किती टक्के आणि तो कोणत्या वारी मिळणार.
– माल परत आला तर नुकसान कोणाचे. दोष मालात असेल तर कारागिराचे, माहिती चुकीची दिली असेल तर तरुणाचे.
– धंद्याचा मोबाइल नंबर कारागिराच्या नावाचा असावा. मुलगा उद्या नोकरीला लागला, तर गिऱ्हाइके त्याच्याबरोबर जाऊ नयेत.
– पैसे कारागिराच्या खात्यातच जमा व्हावेत. तरुणाने वहीवर ऑर्डरींची नोंद ठेवावी आणि दर आठवड्याला मेळ घालावा.

पहिले तीन नियम दोघांच्या हिताचे आहेत आणि चौथ्यामुळे संशयाला जागा राहत नाही. कारागिरानेही ध्यानात ठेवावे की ‘घरचाच मुलगा आहे’ म्हणून त्याचा वाटा बुडविला, तर दुसरा मुलगा कामाला येणार नाही.

कायद्याची बाजू

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत होते. कोणी दलाल तिचे पैसे सरकारी फी म्हणून मागत असेल, तर ती फी नसून त्याची कमाई आहे. फक्त मालाची विक्री करणाऱ्यास महाराष्ट्रात वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. ऑनलाइन कंपनीमार्फत राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांनाही १ ऑक्टोबर २०२३ पासून ही सवलत आहे, पण त्यासाठी पॅनच्या आधारे एक क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर माल पाठविण्याचे नियम वेगळे आहेत आणि हस्तकलेच्या वस्तूंना त्यात काही सूट आहे. म्हणून बाहेरची पहिली ऑर्डर घेण्यापूर्वी कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

या सापळ्यांपासून दूर राहा

हा भाग प्रत्येक घरात वाचून दाखवावा.

‘व्हिडिओला लाइक करा, पन्नास रुपये मिळवा’ असा निरोप येतो. पहिले दोन-तीन दिवस पैसे मिळतातही. मग ‘मोठ्या कामासाठी’ अनामत भरायला सांगतात, आणि ती परत येत नाही. काम देणारा कामगाराकडूनच पैसे मागत असेल, तर ते काम नव्हे.

त्याहून घातक प्रकार म्हणजे बँक खाते भाड्याने देणे. ‘तुझे खाते आणि सिमकार्ड दे, महिन्याला काही हजार घे’ असे सांगितले जाते. त्या खात्यातून लोकांना लुबाडलेला पैसा फिरतो. पोलीस प्रथम येतात ते खातेदाराच्या दारात. खाते गोठते, गुन्हा नोंदला जातो, आणि ज्या मुलाने कोणाला फसविले नाही तो आरोपी ठरतो. त्याच्या नोकरीची आणि पासपोर्टची वाट बंद होऊ शकते. थोड्या हजारांसाठी केवढी ही किंमत!

परदेशातील नोकरीच्या आमिषाबाबतही सावध राहावे. थायलंडमध्ये संगणकावरच्या नोकऱ्या देतो म्हणून भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबल्याचे प्रकार उघड झाल्यावर परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्ये जाहीर इशारा दिला होता. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. जुगाराची कमाई हलाल नाही हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. तो पाट्यावर खेळला काय आणि पडद्यावर खेळला काय, जुगार तो जुगारच.

फसवणूक झाल्यास लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम मधेच अडविली जाण्याची शक्यता अधिक.

या आठवड्याचे काम

व्यापारी बंधूंनो आणि कारागीर मित्रांनो, आपल्या गल्लीतील एक तरुण निवडा. त्याला आपल्या कारखान्यात चार दिवस बसवा. माल कसा बनतो, कोठे बिघडतो, महाग का पडतो, हे त्याला समजू द्या. ज्याला माल कळत नाही, त्याला तो विकताही येत नाही. पाचव्या दिवशी दहा वस्तूंचे फोटो काढायला लावा, करार लिहा आणि काम सुरू करा. तीन महिन्यांनी वही उघडून हिशेब पाहा. फायदा दिसला तर पुढे चला, न दिसला तर चूक कोठे झाली ते त्याच वहीत सापडेल.

तरुणांनीही लक्षात घ्यावे की एका जागी टिकून केलेल्या छोट्या कामातून बाजाराची ओळख होते. आज दुसऱ्याचा माल विकणारा उद्या स्वतःच्या दुकानाची पाटी लावू शकतो. आपल्या बाजारपेठेतील कितीतरी जुनी दुकाने अशीच उभी राहिली आहेत.