पिल्लू आणण्याआधी, आई-बाबांशी

परीक्षा संपल्या की आजऱ्यातल्या बऱ्याच घरांत एक हट्ट सुरू होतो : आपण कुत्रं पाळूया. आई आधी नाही म्हणते. मग आजोबा मधे पडतात, "असू दे की, राखणीला होईल." बाबा मोबाईलवर पिल्लांचे फोटो बघायला लागले की निम्मं काम झालंच म्हणून समजा. शेवटी एक अट घालून पिल्लू घरात येतं, "सगळं तू करायचंस हं." मूल मान डोलावतं. त्या क्षणी ते खोटं बोलत नसतं.

मला बोलायचंय ते या अटीबद्दल. दहा वर्षांच्या मुलाला घालण्याजोगी ही अट नव्हेच. कुत्रं बरं सांभाळलं तर दहा-बारा वर्षं जगतं, कधी त्याहून जास्त. पाचवीतल्या मुलीसाठी आणलेलं पिल्लू ती बारावी होऊन कोल्हापूरला नाहीतर पुण्याला शिकायला जाईल तेव्हा सात वर्षांचं झालेलं असेल. त्याचं म्हातारपण, त्याचे दुखरे सांधे, त्याची अंधूक झालेली नजर ही सगळी तुमच्या वाट्याला येणार. मुलगी सुट्टीत येऊन त्याच्या गळ्यात पडेल आणि सोमवारच्या एसटीनं परत जाईल. म्हणून मुलाला कुत्रं हवंय का, हे विचारण्यात काही अर्थ नाही. ते हवंच असतं. तुम्हाला दोघांना हवंय का, हे विचारा. आणि बाबांनो, 'तुम्हाला दोघांना' म्हणताना मी ते मुद्दाम म्हणतेय. पहाटे दार उघडणं, सोप्यातली घाण पुसणं, भांडं घासणं, ओला वास सहन करणं ही कामं वाटून न घेता पिल्लू आणलंत, तर ती कुणाच्या पदरात पडतात ते प्रत्येक घराला ठाऊक आहे.

मुलाला काहीच देऊ नका असं नाही. पाण्याचं भांडं सकाळ-संध्याकाळ धुऊन भरणं, अंगावरून ब्रश फिरवणं, जेवणाची वेळ सांभाळणं हे दहा वर्षांचं मूल छान करतं. पण त्यानं केलं नाही त्या दिवशी कुत्र्याला उपाशी ठेवून मुलाला धडा शिकवायचा नाही. तो धडा मुलाला मिळत नाही, शिक्षा मात्र कुत्र्याला होते. औषधाची गोळी, लसीची तारीख आणि रस्त्यावरचा पट्टा ही तिन्ही मोठ्या माणसाचीच कामं. वाढलेलं कुत्रं दुसऱ्या कुत्र्याकडे झेपावलं की चौथीतल्या पोराच्या हातात तो पट्टा राहत नाही.

आता पिल्लू कधी आणायचं, याबद्दल. आजऱ्यापुरतं बोलायचं तर हा प्रश्न सगळ्यात मोठा आहे आणि त्याकडे कुणी लक्षच देत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणलेलं पिल्लू जेमतेम रुळतंय तोवर जून उजाडतो. शाळा सुरू होते आणि पाऊसही. आमचा पाऊस म्हणजे आंबोलीच्या घाटमाथ्याचा शेजार, दिवसचे दिवस उघडीप नाही. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला बाहेर शी-शू करायची सवय लावायची नेमकी तीच वेळ, आणि बाहेर तर परड्यात पाऊल टाकायची सोय नाही. मग ते सोप्यात करतं, कधी देवघराच्या उंबऱ्याशी करतं, आजी संतापते, पिल्लू मार खातं आणि श्रावण लागेपर्यंत त्याची रवानगी गोठ्यात झालेली असते. यात पिल्लाचा काय दोष?

आपल्या गावठी कुत्र्यांचं वेळापत्रक मात्र हवामानाला धरून चालतं. भादवा त्यांचा हंगाम. कुत्री गाभण राहिली की साधारण ६३ दिवसांनी विते, म्हणजे कार्तिकाच्या सुमारास गल्लीबोळांत, काजूच्या बागांत पिल्लं दिसायला लागतात. निदान आठ आठवडे ती आईजवळच राहू द्या. दूध तर असतंच, पण किती जोरात चावलं की समोरचा कळवळतो हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं, आणि ते शिकवणं आपल्या हातून होत नाही. आठ आठवडे मोजा, तुम्ही संक्रांतीपाशी येता. संक्रांतीनंतर आणलेल्या पिल्लाला पुढचे चार-साडेचार महिने कोरडं अंगण मिळतं. त्यात त्याच्या लसी होतात, बाहेरची सवय लागते, नावाला ओ द्यायला ते शिकतं. आजऱ्यात पिल्लू आणायचं तर संक्रांत ते शिमगा, एवढं साधं गणित आहे.

पाऊस तरीही येणारच. ओलं कुत्रं पुसायला घरात दोन जुनी पोती किंवा टॉवेल वेगळे ठेवा. पंजांच्या बेचक्यात आणि कानांत ओल राहिली की खाज आणि बुरशी ठरलेली. गोचिडांचं तर विचारूच नका. कान, बगला, बोटांच्या फटी रोज चाचपायच्या. गोचिडातून कुत्र्याला जो ताप येतो, त्यात ते खायचं सोडतं, हिरड्या फिक्या पडतात, आणि दोन दिवस वाट बघण्यात जीव जाऊ शकतो. एक गोष्ट कळकळीनं सांगते : म्हशीच्या गोचिडांसाठी आणलेलं औषध अंदाजानं पिल्लाला चोळू नका. चारशे किलोच्या जनावराचं माप चार किलोच्या जिवाला विष ठरतं. तसंच माणसाच्या तापाची गोळीही अर्धी करून घालू नका. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या चिखलपाण्यातून लेप्टो कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. भातलावणीच्या दिवसांत शेतातून घरात आणि घरातून शेतात फिरणाऱ्या कुत्र्याची ती लस चुकवू नये. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आपल्याकडे आहे, पण त्याचा बराचसा दिवस गाई-म्हशींत जातो. कुत्र्याचा एक्स-रे किंवा मोठी शस्त्रक्रिया म्हटली की गडहिंग्लज, नाहीतर थेट कोल्हापूर. गाडीभाडं आणि बुडालेला दिवस खर्चात धरूनच निर्णय घ्या.

चावण्याबद्दल बोलताना घरोघरी दोन टोकं दिसतात. एक, "आमचं कुत्रं कुणाला काही करत नाही." दुसरं, बेंबीभोवती चौदा इंजेक्शनांची आजीनं सांगितलेली गोष्ट. दोन्ही सोडून द्या. पोटातली ती जुनी लस देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात दिली जाते, दवाखान्याच्या पद्धतीप्रमाणे चार किंवा पाच वेळा, पहिल्या दिवशी, मग त्यापासून तिसऱ्या, सातव्या दिवशी असं करत महिनाभरात. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतच आणखी एक औषध टोचतात. पण दवाखान्यात जाण्याच्या आधीचं काम घरातलंच आहे : नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुणं. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळपास कुणीच वाचत नाही, आणि वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. इतका सरळ हिशेब फार कमी आजारांत असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे, रेबीजचा संशय असलेले प्राणी ज्यांना चावतात त्यांतली सुमारे ४० टक्के माणसं पंधरा वर्षांखालची मुलं असतात. त्यामागे उंची आहे, खेळकरपणा आहे, आणि चावल्यानंतरचा धोका वाढवणारी गोष्ट तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. मुलं सांगत नाहीत. "सांगितलं होतं ना त्याच्या वाटेला जाऊ नकोस" हे वाक्य ऐकावं लागेल म्हणून ती ओरखडा बाहीखाली लपवतात. घरच्या कुत्र्याचा दात लागला असेल तर आणखीनच, कारण त्याला हाकलून देतील ही भीती असते. म्हणून पिल्लू येईल त्याच दिवशी मुलाला सांगून ठेवा : दात लागला, नख लागलं, जखमेला चाटलं, तर लगेच सांगायचं. कुणी रागावणार नाही, आणि कुत्र्यालाही कुणी काढून टाकणार नाही. मग तो शब्द पाळा. कुत्रं जेवताना, झोपलेलं असताना आणि पिल्लांजवळ असताना त्याला हात लावायचा नाही, हेही त्याच दिवशी. आणि पाच वर्षांखालचं मूल कितीही गरीब कुत्र्याजवळ एकटं सोडू नका.

आजऱ्याला आणखी एक बाब आहे. आपल्या वाड्या-वस्त्यांना जंगल लागून आहे. राखणीला म्हणून अंगणात रात्री साखळीनं बांधलेलं कुत्रं बिबट्याला पळून न जाणारं भक्ष्य वाटतं. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत वजनाच्या हिशेबानं बिबट्याच्या खाण्यात ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. तेव्हा अंधार पडला की कुत्रं दाराच्या आत, किंवा वरूनही बंद असलेल्या भक्कम पिंजऱ्यात. सकाळी रानाच्या कडेला फिरायला नेताना ते मोकळं सोडू नका, आणि मुलाबरोबर तर मुळीच नको. मोकळं कुत्रं गव्यावर भुंकत धावून जातं आणि गवा उलटला की पळत येतं ते आपल्या माणसाकडे. हत्तींच्या बाबतीतही तेच, आणि या तालुक्यात हत्ती ही काही गोष्टीतली वस्तू नाही.

साखळी निघालीच आहे तर सांगते. दिवसभर बांधलेलं कुत्रं 'कडक' होतं, राखण चांगली करतं, असं आपल्याकडे समजतात. ते कडक होत नाही, चिडखोर होतं, आणि सुटलं की पहिल्यांदा शेजारच्या पोराला चावतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात, कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हा गुन्हा धरलाय. त्याच कलमात जनावराला भूक-तहानेनं यातना होतील अशा स्थितीत सोडून देणंही आहे. पिल्लांतल्या माद्या पोत्यात घालून घाटात, नाहीतर बाजाराच्या दिवशी दुसऱ्या गावात सोडणाऱ्यांनी हे वाचावं. पिल्लं नको असतील तर मादीची वेळेत नसबंदीची शस्त्रक्रिया करून घ्या. मादी पाळायला तशी नरापेक्षा सोपीच, असं माझं मत. ती कमी भटकते.

खाण्याचं थोडक्यात. जन्मभर दूध-भाकरी हे कुत्र्याचं जेवण नव्हे. त्याला अंडं, उकडलेलं मटण-चिकन, नुसतं वरण लागतं. रविवारच्या रश्श्यातलं उरलंसुरलं घालू नका : कांदा-लसूण त्याच्या रक्ताला घातक आहे आणि शिजलेली हाडं आतून टोचतात. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे वर्ज्य. घरी काजूबिया सोलायचं काम चालत असेल तर टरफलांचा ढीग त्याच्या तोंडापासून लांब. टरफलातलं तेल बायकांचे हात भाजतं, त्याच्या जिभेचं काय होईल?

जातीबद्दल विचाराल तर माझं मत साफ आहे. थंड मुलुखातला केसाळ हस्की आपल्या दमट पावसाळ्यात आणून त्याचे हाल करण्यात हौस कसली? चपट्या नाकाच्या पगला धापा टाकल्याशिवाय चढ चढता येत नाही. मुधोळ आपल्याला जवळचा. २००५ साली टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली त्यांत तोही होता. देखणा आहे, पण तो धावण्यासाठी घडलेला आहे. गल्लीतल्या दोन खोल्यांत तो कुढतो. शेतावर राहणाऱ्यांनी, रोज पळवायची तयारी असेल तरच, त्याचा विचार करावा. बाकी सगळ्यांनी गावठी पिल्लू आणावं. ते या हवेत तगलेल्या आईचं असतं, आणि फुकट असतं.

आणि नको असेल तर नको म्हणा. आजी गुडघ्यांनी हैराण आहेत, दोघंही दिवसभर कामावर असता, घर भाड्याचं आहे, ही कारणं लाजण्यासारखी नाहीत. "बघू पुढच्या वर्षी" असं दरवर्षी सांगण्यापेक्षा "आपल्याला जमणार नाही, कारण हे आहे" असं एकदा सांगितलं तर मूल रडतं, पण ऐकतं. शेजारच्या कुत्र्याला फिरवायला जाऊ द्या, बाहेर वाटीभर पाणी ठेवू द्या.

आणायचंच ठरलं, तर पिल्लू घरात आल्यावर पहिल्या आठवड्यात पशुवैद्यांना दाखवा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढच्या, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास रेबीजची, आणि त्यानंतर दरवर्षी. जंताचं औषध पिल्लू असताना डॉक्टर सांगतील तसं, मोठेपणी साधारण दर तीन महिन्यांनी. मुलं परड्यात अनवाणी खेळतात, तेव्हा कुत्र्याला दिलेलं हे औषध त्यांच्याही भल्याचं आहे. या सगळ्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा आणि तारखेपुढे घरातल्या एका मोठ्या माणसाचं नाव लिहा.