कुंडीतला वाफसा

पानं मलूल दिसली म्हणून मी पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी ती आणखी लोंबली, म्हणून आणखी घातलं. आठवड्याभरात सोनचाफा गेला. 2019 चा सप्टेंबर होता आणि पुण्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. पण आमच्या गच्चीवरच्या त्या कोपऱ्यावर पत्र्याचं छप्पर आहे, तिथं पाऊस पोचत नाही, म्हणून चाफा तहानलेला असणार असं मी धरून चालले होते.

कुंडी उलटी केली तेव्हा सडका वास आला. मुळं तपकिरी, बोटांनी ओढली की साल हातात येत होती. तळाचं भोक मातीनं गच्च बुजलेलं, खाली ताटली भरलेली. चार वर्षं वाढवलेलं झाड मी पाण्यानं मारलं होतं.

सासूबाई शेतकरी घरातल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, वाफसा तरी येऊ द्यायचास." शेतात पाऊस पडून गेल्यावर माती ओलसर असते पण चिखल नसतो, कणांच्या मधल्या पोकळीत हवा परत आलेली असते, तो वाफसा. कुंडीलाही तो लागतो, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मुळं श्वास घेतात. सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की त्यांना प्राणवायू मिळत नाही, ती मरू लागतात आणि बुरशी त्यांच्यावर तुटून पडते. मेलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून भिजलेल्या मातीतही पानं सुकतात. फसगत होते ती इथंच.

म्हणून पान बघून झारी उचलू नका. आधी मातीत बोट दोन पेरं खुपसा. कोकोपीट असेल तर वरचा थर फसवतो, तो कोरडा आणि आत चिंब. तिथं कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्या. जास्वंद दुपारच्या उन्हात मान टाकते आणि संध्याकाळी आपोआप सावरते. संध्याकाळीही सावरली नाही, तर कारण शोधायचं.

तळाशी खडीचा जाड थर दिला की निचरा चांगला होतो, असं मीही मानत होते. बारीक मातीतलं पाणी भरड खडीत सहज उतरत नाही. ते मातीच्या तळाशीच अडतं आणि ओली पट्टी मुळांच्या जवळ सरकते. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे. निचरा मातीतच हवा: मी दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग विटांचा चुरा घेते. जूनच्या पहिल्या सरीआधी सगळ्या ताटल्या काढून ठेवते (त्यात डासांची पैदासही होते), कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवते, आणि भोकांत काडी घालून ती मोकळी आहेत ना ते बघते. अडेनियम तर पावसातून सरळ आत घेते.

वेळेत लक्षात आलं तर झाड वाचतं. पुढच्या वर्षी अनंत असाच पिवळा पडला. मातीचा गोळा बाहेर काढला, मऊ पडलेली मुळं कात्रीनं कापली, पांढरी, कडक मुळं तशीच ठेवली, फांद्याही तेवढ्याच छाटल्या आणि कोरड्या मिश्रणात लावून सावलीत ठेवला. नवे फुटवे दिसेपर्यंत खत अजिबात नाही. दुबळ्या मुळांना ते सोसत नाही.

मोगऱ्याला मात्र मी आता मुद्दाम ताण देते. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करते, फेब्रुवारीच्या सुरुवातीला छाटणी करून शेणखत घालते, आणि मग हळूहळू पाणी वाढवते. मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटव्यांवर. मार्चअखेर पहिली ओंजळ निघाली की सासूबाईंच्या देवघरात जाते.

सोनचाफ्याची मोठी कुंडी अजून रिकामी आहे. यंदा नवं कलम आणायचं ठरवलंय, पण पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये.