अंगाला लागणारा कपडा

वैशाख पौर्णिमेला आपण शुभ्र वस्त्रे नेसून विहारात जमतो. भर दुपारी गर्दीत एखाद्या ताईला घेरी आली, की आपण पाणी देतो, वारा घालतो. तिच्या अंगावरची साडी मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. पुष्कळदा ती पॉलिस्टरची असते. स्वस्त मिळते, इस्त्री लागत नाही, लवकर विटत नाही, म्हणून आपणच ती घेतलेली असते.

घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. सुती धागा साध्या हवेतही वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल धरतो. अळशीचे लिनन, म्हणजे विनयपिटकात चीवरासाठी सांगितलेले ‘खोम’, त्याहून जास्त. पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. मग घाम कातडीवरच चिकचिकत राहतो. घामोळ्या येतात, जांघेत, काखेत, स्तनांखाली गजकर्ण धरते. लाजेपोटी आपण डॉक्टरांकडे जात नाही, दुकानातून मलम आणतो. त्यात स्टेरॉइड असले तर चार दिवस खाज थांबते आणि गजकर्ण आतून पसरत जाते. असे मलम स्वतःच्या मनाने लावू नये.

परकराची नाडी हा आणखी एक दुर्लक्षित विषय. रोज एकाच जागी करकचून बांधल्याने कमरेला काळा वळ पडतो, कातडी सोलवटते. वर्षानुवर्षे न भरलेल्या अशा जखमेत क्वचित कर्करोगही झालेला आहे. नाडी रुंद व सैल असावी, आणि जखम महिनाभर राहिली तर दाखवावी.

सुतीतही खोट आहे. पावसाळ्यात ते लवकर वाळत नाही, आणि दमट कपडा घातला तर बुरशीला आयतेच घर मिळते. घट्ट जीन्सही सुतीच, पण तिचा उपयोग काय? चुलीपाशी पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते हे खरे. पण सुतीही भरकन पेटते, तेव्हा पदर खोचलेलाच बरा.

दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणेल. घरी आणल्यावर काठाचा एक धागा काढून सांभाळून पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटाने चुरते. पॉलिस्टर आक्रसते आणि कडक गोळी उरते. सगळे कपडे एकदम बदलणे आपल्या खिशाला झेपणार नाही. आधी आतले कपडे, परकर आणि तान्ह्या बाळाची झबली सुती करू. साडीचे पुढच्या पगाराला पाहू.