कुणी ढकललं?

गेल्या पावसाळ्यात आमची दुसरीतली लेक कोपर खरचटून घरी आली. दप्तर उतरवायच्या आतच मी विचारलं, "कुणी ढकललं?" ती जरा घुटमळली आणि वर्गातल्या एका मुलाचं नाव घेतलं. मी तावातावाने त्याच्या आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी कळलं, ही ओल्या पायरीवरून एकटीच घसरली होती. तो मुलगा तर त्या दिवशी शाळेत आलाच नव्हता!

लेक खोटं बोलली? मला नाही वाटत. ढकललं हे मीच ठरवून टाकलं होतं. तिने फक्त नाव पुरवलं.

एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी अख्खी हयात याच गोष्टीमागे घालवली. १९७४ साली जॉन पामर यांच्यासोबत त्यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली आणि वेग विचारला. काहींना विचारताना गाड्या 'धडकल्या' म्हटलं, काहींना 'जोरात आदळून चुरडल्या'. आठवड्याने प्रश्न केला, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच नव्हतीच. तरी 'चुरडल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण 'हो' म्हणाले, 'धडकल्या'वाल्या ५० पैकी ७. एवढा एका क्रियापदाचा प्रताप. तीही कॉलेजातली मुलं, आपली तर सात वर्षांची.

पुढे त्यांनी काही मोठ्या माणसांना पटवलं की लहानपणी स्ट्रॉबेरी आइस्क्रीम खाऊन तुम्ही आजारी पडला होतात. ज्यांना पटलं, त्यांची ते खायची इच्छाच कमी झाली. हे वाचलं आणि मला आमचं वांगं आठवलं. "हिला वांगं नाही हो चालत, लहानपणी उलटी झाली होती," असं मी पाहुण्यांसमोर किती वेळा म्हटलंय! उलटी तापाने झाली होती.

याचा अर्थ मुलांवर विश्वास ठेवू नका, असा मुळीच नाही. मूल काही गंभीर सांगू पाहत असेल, तेव्हा तर आपले शब्द त्याच्या तोंडी न घालणं जास्तच गरजेचं. मी आता "काय झालं?" एवढंच विचारते आणि गप्प बसते. अवघड जातं हो. परवा मैदानातल्या बेडकाची कथा संपायला दहा मिनिटं लागली, खरचटलेल्या गुडघ्याचा विषय त्यानंतर आला.

त्या मुलाच्या आईची मी घरी जाऊन माफी मागितली. लेकीलाही सगळं समजावलं. तरी परवा ती म्हणते कशी, "आई, त्याने मला ढकललं होतं ना, तेव्हा पाऊस होता."